सातव्या खोलीची चौकट

चौकटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं, त्याला कोण काय करणार! चौदा वर्षं त्यांनी एका वर्तमानपत्रात पानं लावली. ते बंद पडल्यावर चाळिशीत पोरांच्या मांडीला मांडी लावून वेबसाइटी करायला शिकले आणि आता बावन्नाव्या वर्षी पाच माणसांच्या एका कंपनीत स्क्रीनवरची पानं लावत होते. म्हणजे काम तेच, चौकटी आखायच्या आणि भरायच्या. कंपनीचे साहेब त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान. त्यांनीच एकदा गमतीत चौकटराव म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

माणूस सरळ, थोडा कुरकुऱ्या, कामाला वाघ. खोड एकच. रिकामी जागा त्यांना बघवत नसे. वर्तमानपत्रात ऐन वेळी जाहिरात आली नाही की तिथे एखादा जुना फोटो, एखादा विनोद, काहीतरी ठोकून द्यायचं, पण पानाला भोक पडलेलं वाचकाला दिसता कामा नये. हे त्यांच्या हाडीमाशी इतकं भिनलं होतं की घरी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं तर दुसरं आणेपर्यंत त्यांना जेवण गोड लागायचं नाही. बायको म्हणायची, अहो, भिंत आहे ती, पान नाही. पण ऐकतंय कोण.

तर एकदा वृद्धांच्या एका निवासाचं काम आलं. चोवीस खोल्या, चोवीस म्हातारी माणसं. प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा बांधलेला, त्यात छोटं सिमकार्ड. माणूस हलला-चालला की पट्टा तसं कळवणार आणि ते सगळं एका स्क्रीनवर दिसणार. दर खोलीमागे एक चौकट. हालचाल असेल तर चौकट हिरवी आणि खाली 'इतक्या मिनिटांपूर्वी'. घरच्या माणसांनाही आपापल्या फोनवर आपल्या माणसाची चौकट बघता येणार. असल्या स्क्रीनला डॅशबोर्ड म्हणतात. तो कोणी मुळापासून बांधत बसत नाही. त्याचं आयतं टेम्प्लेट मिळतं, ते आणायचं आणि आपल्या मापाचं करून घ्यायचं, तयार सदरा विकत घेऊन बाह्या आखूड कराव्यात तसं.

चौकटरावांनी टेम्प्लेट उतरवून घेतलं, इन्स्टॉलची कमांड दिली, ढीगभर पॅकेजं खाली आली, पिवळ्या वॉर्निंगांची माळ लागली. तिच्याकडे त्यांनी अनुभवी माणसासारखं साफ दुर्लक्ष केलं. ब्राउझरमध्ये डॅशबोर्ड उघडला तर आत जत्रा भरलेली. न झालेल्या विक्रीचे आलेख, कोणीच न पाठवलेले निरोप, जगात नसलेल्या माणसांचे हसरे फोटो. टेम्प्लेट विकणाऱ्यांना ते भरलेलं दाखवावं लागतं, म्हणून ही सगळी खोटी वस्ती. चौकटरावांनी दोन दिवस बसून ती उठवली. नको ती पानं काढली, मेनू छाटला आणि नमुन्यादाखल आपली माहिती भरली: खोली एक ते चोवीस, 'तब्येत ठीक, हालचाल १२ मिनिटांपूर्वी'. बाराच का? काही कारण नाही. सुचला तो आकडा टाकला.

मग खरे पट्टे जोडले. सगळं छान चाललं आणि नेमकं दाखवायच्या दिवशी पट्ट्यांचा सर्व्हर अर्धा तास बसला. निवासाच्या व्यवस्थापक बाई समोर, साहेब घामाघूम आणि स्क्रीनवर चोवीस रिकाम्या चौकटी. बाईंची भुवई वर गेली. त्या गेल्यावर साहेब म्हणाले, काहीही करा, पण रिकामी चौकट दिसता कामा नये. चौकटरावांना तर हे मनापासून पटलं. त्यांनी एक ओळ लिहिली: खरी माहिती आली नाही तर नमुन्याची दाखव. शेजारी टीप टाकली: तात्पुरतं, नंतर काढणे.

नंतर म्हणजे कधी, ते असल्या टिपांमध्ये कोणीच लिहीत नाही. दुसरं काम आलं, तिसरं आलं. ओळ राहिली ती राहिलीच.

पाच महिन्यांनी एका रविवारी सातव्या खोलीतल्या आजी गेल्या. बाथरूममध्ये पडल्या होत्या. संध्याकाळी सहाला चहा घेऊन गेलेल्या बाईने बघितलं. डॉक्टरांनी सांगितलं, पाचच्या सुमारास जीव गेला असावा. निवासात सगळे हळहळले, पण घाबरलं कोणी नाही. वय ब्याऐंशी आणि स्क्रीनवर तर दिवसभर सगळं ठीक होतं. स्क्रीन आल्यापासून तिथे नियमच झाला होता की चौकट हिरवी असली तर उगाच दार वाजवून झोपमोड करायची नाही. शिवाय रविवारी आजींची मुलगी दुपारचा डबा घेऊन यायची आणि दोघी खोलीतच जेवायच्या. म्हणून जेवणाच्या वेळीही कोणी डोकावलं नाही. त्या रविवारी मुलगी आलेली नाही, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

सोमवारी व्यवस्थापक बाईंनी फाइलीत लावायला आजींच्या पट्ट्याची नोंद मागितली. साहेबांनी ते काम चौकटरावांकडे ढकललं. चौकटरावांनी सर्व्हरवरची मूळ नोंद उघडली. पट्ट्याचा शेवटचा निरोप रविवारी सकाळी नऊ चाळीसचा. रात्री चार्जिंगला लावायचा राहिला असणार, बॅटरी संपली आणि पट्टा मुका झाला. त्यानंतर नोंदीत काही म्हणता काही नाही. आणि स्क्रीन मात्र संध्याकाळपर्यंत सांगत राहिला होता: तब्येत ठीक, हालचाल १२ मिनिटांपूर्वी.

ती ओळ नसती तर चौकट रिकामी दिसली असती. रिकामी दिसली असती तर पट्टा बघायला कोणीतरी खोलीत गेलं असतं. दहाला गेलं असतं, फार तर साडेदहाला. हे समजायला चौकटरावांना एक मिनिटही लागलं नाही. त्यांनी ती ओळ काढली. आता माहिती आली नाही तर चौकट करडी होणार होती, जशी पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. बदलाच्या नोंदीत त्यांनी लिहिलं, किरकोळ दुरुस्ती. आणि साहेबांना जाऊन सांगितलं की जुनी नोंद सर्व्हरवरून पुसली जाते, मिळणार नाही. साहेब बरं म्हणाले आणि बाईंना तसं कळवून मोकळे झाले. इतकं सोपं होतं ते.

सोपं होतं ते तेवढ्यापुरतंच. चौकटरावांनी आजींना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तरी त्या दिवसापासून आजी त्यांच्या मागे लागल्या. भुताखेतासारख्या नव्हे, तसलं काही असतं तर माणूस निदान कोणाला सांगू तरी शकतो. चौकटराव दात घासायला उभे राहिले की त्यांना बाथरूमची फरशी दिसे. ती किती गार असते, हे त्यांनी एकदा हात लावून पाहिलं, आणि मग तो हात कितीतरी वेळ तसाच गार राहिला. कुठे 'बारा' हा आकडा दिसला, घराच्या नंबरात, बसच्या पाटीवर, की ते नजर दुसरीकडे वळवायचे. नऊ चाळीस ते पाच म्हणजे सात तास वीस मिनिटं. त्यात आजी नेमक्या कधी पडल्या, ते कोणालाच सांगता येणार नव्हतं. ऑफिसात बसल्या बसल्या ते घड्याळ बघायचे आणि मनात म्हणायचे, आता एक वाजला, अजून चार तास आहेत. हाक मारली असेल का? किती वेळ मारली असेल? शेजारची खोली आठ नंबरची, तिथले आजोबा ठार बहिरे, हेही त्यांनी कशाला तरी विचारून घेतलं होतं. ते न कळतं तर बरं झालं असतं.

बायकोला ते दिवसातून सहासहा वेळा फोन करू लागले. ती शाळेत शिकवायची. पहिले काही दिवस तिला कौतुक वाटलं, मग वैताग आला. "अहो, जिवंत आहे मी," ती म्हणाली, "दर तासाला हजेरी कसली घेताय?" एका रविवारी दुपारी ती झोपली होती तर हे तिच्या नाकाशी बोट धरून उभे. तिने डोळे उघडले, किंचाळायच्या बेतात होती, पण यांचा चेहरा बघून गप्प झाली. काय झालंय ते तिने विचारलं. चौकटरावांना सांगावंसं फार वाटलं. पण जीभच रेटेना. ऑफिसचं टेन्शन, म्हणून वेळ मारून नेली.

असे तीन महिने गेले. खोलीत दुसरं कोणी आलं नव्हतं, म्हणून सातव्या खोलीची चौकट स्क्रीनवर तशीच होती, करडी. चौकटराव रोज सकाळी आल्या आल्या डॅशबोर्ड उघडायचे, ती करडी चौकट बघायचे आणि मगच कामाला लागायचे. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, लख्ख उजेडात, चौकटराव चारचौघांत बसलेले असताना सातव्या खोलीची चौकट हिरवी झाली. हालचाल: १ मिनिटापूर्वी.

 चौकटरावांनी पान पुन्हा उघडलं. दोन मिनिटांपूर्वी. पुन्हा उघडलं. आत्ताच. नमुन्याची माहिती तर त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती, तरी त्यांनी सगळ्या फायली उलट्यापालट्या केल्या. बारा कुठेच नव्हता. त्यांनी मूळ नोंद उघडली. पट्टा खरोखर बोलत होता. कोणीतरी चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, चौकटराव, बरं वाटत नाहीये का? त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, कोण जाणे.

अर्ध्या तासात व्यवस्थापक बाईंचा फोन आलाच. बाई तडकलेल्या. खोली रिकामी, कुलूप लावलेलं आणि तुमचा स्क्रीन सांगतोय आत माणूस फिरतंय. हा काय पोरखेळ आहे? साहेबांनी चौकटरावांना पिटाळलं.

निवासात जाऊन त्यांनी पट्ट्यांचं कपाट उघडायला लावलं. सातचा खण रिकामा. बाईंनी वही काढली आणि कपाळावर हात मारला. पट्टा निवासाचा, पण आजींच्या सामानाच्या पिशवीत चुकून तोही मुलीकडे गेला होता. मुलगी दोन चौक पलीकडे चष्म्याच्या दुकानात असते, जाऊन घेऊन या. एवढंच होय, म्हणून बाई हसल्यासुद्धा. चौकटरावांना हसू आलं नाही. इतके दिवस ज्या माणसाचा विचार त्यांनी मुद्दाम टाळला होता, त्याच्याच दारात जायचं होतं.

दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींना फ्रेमा, मागे अक्षरांचा तक्ता, काउंटरमागे एक पंचेचाळिशीची बाई एका चष्म्याचा स्क्रू पिळत होती. तिच्या डाव्या मनगटावर तो पट्टा होता. चौकटरावांनी ओळख सांगितली, पट्ट्याचं सांगितलं. तिने त्यांना स्टुलावर बसायला सांगितलं आणि हातातला स्क्रू आधी पुरा पिळला.

"घालते मी तो आजपासून," ती म्हणाली. "फोनवर आईची चौकट अजून आहे. पट्टा घातला की आई हिरवी दिसते."

चौकटरावांना वाटलं, आता इथून उठावं आणि पळत सुटावं. ती मात्र सावकाश, रोजच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलत होती. त्या रविवारी दुकानातल्या मालाची मोजणी निघाली, म्हणून तिला डबा घेऊन जाता आलं नाही. चैन पडत नव्हतं, म्हणून मधून मधून फोनवर चौकट बघत होती. दरवेळी हिरवी. स्क्रीनचा फोटो काढून परगावच्या भावालाही पाठवत होती, आई मजेत आहे म्हणून. शेवटचं बघितलं पावणेपाचला. आणि डॉक्टर म्हणाले पाच.

"म्हणजे पडली आणि लगेच गेली," ती म्हणाली. "फार वेळ नाही गेला. मी तेवढ्यावरच दिवस काढतेय. तुम्ही तर तो स्क्रीन बनवलाय. तुम्हीच सांगा, तसंच ना?"

हो म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. तो शब्द तिला झोप देणार होता आणि यांची कातडी वाचवणार होता. चौकटरावांच्या ओठांवर तो आलाही. तिचं ऐकताना त्यांना तिची इतकी दया आली की तो शब्द म्हणणं म्हणजे पुण्याचंच काम आहे, असंही त्यांना घटकाभर वाटलं. मग त्यांना दिसलं की आपण पुन्हा तेच करायला निघालोय. समोर भोक आहे आणि आपण त्यात काहीतरी बरं दिसणारं ठोकून देतोय.

"नाही, ताई," ते म्हणाले. "तसं नाही."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. टेम्प्लेट, नमुन्याची माहिती, ती एक ओळ, रिकामी चौकट नको म्हणून केलेली ती हुशारी. नोंद पुसली जाते म्हणून आपण खोटं बोललो, तेही सांगितलं. साहेबांचं नाव त्यांनी मध्ये आणलं नाही.  शेवटी म्हणाले, ओळ माझी, हात माझा, चूक माझीच. मला शिव्या द्या, पोलिसात जा, जे करायचं ते करा.

ती रडली नाही. काउंटरचा खण उघडून तिने एक कागद बाहेर काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. फोनवरचे तीन फोटो एका कागदावर छापलेले. सकाळी दहा, दुपारी एक, पावणेपाच. तिन्हींत खाली एकच ओळ, १२ मिनिटांपूर्वी.

"दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते मी," ती म्हणाली. "दहाव्याच्या दिवशी बसून नीट बघितलं तेव्हा कळलं."

निवासात तिने विचारलं तर त्यांनी कानावर हात ठेवले, स्क्रीनवर सगळं ठीक होतं म्हणाले. कंपनीत फोन केला तर चौकटरावांच्या साहेबांनी गोड बोलून सांगितलं, सिस्टीम अगदी अचूक आहे. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, दुःखाने तुझं डोकं फिरलंय. म्हणून आज तिने पट्टा चार्ज करून हाताला बांधला. मेलेलं माणूस स्क्रीनवर चालायला लागलं की कोणीतरी येईलच, हे तिने ताडलं होतं. येईल तो माणूस खरं बोलतो की आपण पुढे केलेलं खोटं उचलतो, तेवढंच तिला बघायचं होतं.

 बाहेर एक गिऱ्हाईक काचेशी घुटमळलं आणि निघून गेलं.

"हे तुम्ही लिहून द्याल, सहीनिशी," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. चौकटरावांनी मान हलवली. नोकरी गेली हे त्यांना तिथेच कळलं आणि त्याचं फारसं काही वाटलं नाही. "आणि मला एकच गोष्ट हवी आहे. ती तुमच्याशिवाय कोणाकडे नाही. पट्टा शेवटचं खरं कधी बोलला?"

इतकं सांगून झाल्यावर हा आकडा सांगताना त्यांची जीभ अडखळली. का अडखळली, ते त्यांना कळलं नाही. आकडा तर तीन महिने पाठ होता.

"सकाळी नऊ चाळीस."

ती तक्त्याकडे बघत राहिली. चौकटरावांना वाटत होतं की एकदा खरं बोललं की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नव्हतं. उलट आता दुकानात दोघंजण त्या बाथरूमच्या दाराशी उभे होते.

"आज येणार नाही हे सांगायला मी तिला नऊ पन्नासला फोन केला होता," ती म्हणाली. "उचलला नाही. मग चौकट बघितली, हिरवी होती. म्हटलं, असेल इकडेतिकडे. नंतर अजून चार वेळा केला."

तिने उजव्या हाताने पट्टा चाचपला, पण काढला नाही.

"तिला कमी ऐकू यायचं. त्या फोनचा आवाज मीच मोठा करून दिला होता, बाथरूममध्येसुद्धा ऐकू जावा म्हणून."